पबमेडवर भरवशाचं संशोधन शोधताना माझं नेमकं काय चुकतंय?

सायंतारा

नमस्कार मंडळी. आईच्या गुडघ्यांची झीज झाली आहे. ओळखीतल्या तिघांनी तीन वेगवेगळ्या सुरात एकच नाव सांगितलं: ग्लुकोसामाइन, सांध्यांसाठी घेतलं जाणारं पूरक. चौथा म्हणाला, "पबमेडवर ढीगभर पेपर आहेत, स्वतःच वाच." मी आज्ञाधारकपणे त्या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत वाचायला बसले.

शोधाच्या पेटीत 'गुडघेदुखीवर ग्लुकोसामाइनचे फायदे' असं इंग्रजीत लिहिलं. पहिल्या काही पानांत उंदीर भेटले, काचेच्या बशीतल्या पेशी भेटल्या, एक घोडाही भेटला. माणसांवरचे जे पेपर होते त्यात एक म्हणतो उत्तम, दुसरा म्हणतो काही उपयोग नाही, तिसरा म्हणतो अजून संशोधन व्हायला हवं. दोन रात्री घालवून मी होते तिथेच आहे.

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण इंग्रजी वाचता येतं आणि चिकाटी आहे. औषध द्यावं की नाही हे इथे विचारत नाहीये, ते डॉक्टर सांगतील. मला शोधायचं कसं ते शिकायचंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोरूबहाद्दर

घोड्याचे गुडघे बरे झाले का, ते आधी सांगा.

(ह. घ्या. मलाही हाच प्रश्न आहे, म्हणून इथे सतरंजी टाकून बसतोय.)

ग्रंथकीटक

सायंतारा, तुमच्या प्रश्नात एक शब्द आहे जो सगळा घोळ करतोय. 'फायदे'.

मी बरीच वर्षं वैद्यकीय ग्रंथालयात शोध घेऊन देण्याचं काम केलंय, आणि दहातल्या आठ जणांच्या शोधात हा शब्द कुठल्या ना कुठल्या रूपात असतो. फायदे, परिणामकारक, सुरक्षित, दुष्परिणाम. तुम्ही 'फायदे' लिहिलंत की ज्या पेपरच्या शीर्षकात किंवा गोषवाऱ्यात तो शब्द आहे तेच पुढे येणार. 'फरक आढळला नाही' असं लिहिणाऱ्याने 'फायदे' हा शब्द वापरलाच असेल असं नाही. म्हणजे उत्तर आधी ठरवून मग साक्षीदार बोलावल्यासारखं झालं. शोधात फक्त दोन गोष्टी ठेवा: आजार आणि उपाय. निष्कर्ष पेपरला सांगू द्या.

आता पबमेड आतून काय करतं ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मं काम होतं. पबमेड ही अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची सेवा. १९९६ मध्ये सुरू झाली, आज तिच्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. तुम्ही पेटीत जे लिहिता ते ती जसंच्या तसं शोधत नाही. आधी त्याचा स्वतःच्या भाषेत अनुवाद करते. 'हार्ट अटॅक' लिहा, ती गुपचूप त्याला 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' जोडते. 'व्हिटॅमिन सी' लिहा, 'अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड' जोडते. बहुतेक वेळा हा अनुवाद उपकारकच असतो. पण 'कोल्ड' लिहिलं तर तुम्हाला सर्दी म्हणायची आहे की थंडी, हे तिला कसं कळणार?

तेव्हा पहिली सवय: 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये जायचं, तिथे तुमच्या शोधांचा इतिहास असतो, त्यात 'डिटेल्स' उघडायचं. पेटीने तुमच्या वाक्याचं काय केलं ते तिथे अक्षरशः दिसतं. माझ्या अनुभवात फार थोडे लोक तिथे डोकावतात.

(शब्द इथे देवनागरीत लिहितोय, तिकडे अर्थातच इंग्रजीत टंकायचे.)

सायंतारा

ग्रंथकीटक, आत्ताच बघितलं. माझ्या एका ओळीची चांगली अर्धं पान आज्ञावली झाली होती! त्यात वारंवार 'मेश टर्म्स' असं येतंय. ते काय?

ग्रंथकीटक

ते या सगळ्याचं हृदय. मेश म्हणजे मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज, १९६० पासून चालत आलेली विषयशब्दांची यादी. सुमारे ३०,००० शब्द, दरवर्षी सुधारले जातात. एकाच आजाराला लेखक दहा नावांनी हाक मारतात. मेश म्हणतं, नाव काहीही असो, मी या पेपरवर एकच चिठ्ठी लावणार. गुडघ्याच्या झिजेची चिठ्ठी आहे 'ऑस्टिओआर्थ्रायटिस, नी'. ग्लुकोसामाइनची 'ग्लुकोसामाइन'.

शिवाय ही यादी झाडासारखी आहे. वरची फांदी धरली की खालच्या सगळ्या डहाळ्या आपोआप येतात. 'ऑस्टिओआर्थ्रायटिस' घेतलं तर गुडघा, खुबा, मणका सगळं येणार. तुम्हाला फक्त गुडघा हवा, तर तीच डहाळी धरा.

पण, आणि हा 'पण' मोठा आहे, चिठ्ठी सगळ्याच नोंदींवर नसते. नवा पेपर येऊन चिठ्ठी लागेपर्यंत वेळ जाऊ शकतो. पबमेडमधल्या काही नोंदी मेडलाइन या तिच्या मुख्य भागाच्या बाहेरच्या असतात, त्यांना चिठ्ठी कधीच लागत नाही. २०२२ पासून हे काम माणसांऐवजी बहुतांशी संगणकच करतो, त्यामुळे वेग वाढलाय. चुकाही वेगळ्या प्रकारच्या होतात. म्हणून नुसत्या मेशवर विसंबायचं नाही. प्रत्येक कल्पनेसाठी दोन्ही घ्यायचं: मेशची चिठ्ठी, किंवा शीर्षक-गोषवाऱ्यातले साधे शब्द. त्यासाठी शब्दापुढे चौकटी कंसात 'टीआयएबी' लिहितात.

तुमचा शोध असा होईल:

(ग्लुकोसामाइन मेश ऑर ग्लुकोसामाइन टीआयएबी) अँड (ऑस्टिओआर्थ्रायटिस नी मेश ऑर (नी टीआयएबी अँड ऑस्टिओआर्थ्रायटिस टीआयएबी))

दोन कंस, मधे एक अँड. बस.

टिवल्याबावल्या

एवढी मेहनत कशाला? एआयला विचारायचं, दहा संदर्भांसकट उत्तर देतो. मी तेच करतो.

आकडेमोड

त्या दहा संदर्भांपैकी किती अस्तित्वात आहेत ते कधी तपासलंय का, टिवल्या? लेखक खरे, जर्नल खरं, साल पटण्यासारखं, आणि पेपर कधी छापलाच गेलेला नाही, असे संदर्भ माझ्या टेबलावर आलेत. प्रत्येक नोंदीला पबमेडचा क्रमांक असतो, तो पेटीत टाकायचा. तोच पेपर निघाला तर ठीक. आणि तोच निघाला तरी त्यात तेच लिहिलंय का, हे वाचूनच कळतं.

शब्द सुचवायला मात्र एआय कामाचा आहे. 'या आजाराची आणखी कोणती नावं आहेत' हे विचारायला हरकत नाही. साक्षीला उभा करू नका इतकंच.

टिवल्याबावल्या

आत्ता तपासले. दहातले चार सापडले. गप्प बसतो.

कोपऱ्यातला_वाचक

माझी एक शंका. मी 'ग्लुकोसामाइन or काँड्रॉयटिन' (हे सांध्यांसाठीचंच दुसरं पूरक) असं लहान लिपीत टंकलं, तर निकाल वाढण्याऐवजी कमी झाले. ऑर लिहिल्यावर वाढायला हवेत ना?

(अरेच्चा, तिथला इंग्रजी शब्द तसाच राहिला, माफी.)

ग्रंथकीटक

हा पबमेडचा जुना खोडसाळपणा. अँड, ऑर, नॉट हे मोठ्या लिपीतच हवेत. लहान लिपीतला 'ऑर' पेटी मोजतच नाही, आणि दोन शब्दांमधे मोकळी जागा दिसली की ती स्वतःहून अँड घालते. तुम्ही मागितलं 'हे किंवा ते', तिने शोधलं 'हे आणि ते'. तक्रारही करत नाही.

याच जातीचे आणखी काही. कंस नसतील तर पबमेड डावीकडून उजवीकडे जातं, तर काही इतर डेटाबेस आधी अँड सोडवतात, कंस द्यायचेच. अवतरणचिन्हं टाकली की आपोआपचा अनुवाद बंद होतो. नेमका शब्दसमूह हवा तेव्हा ठीक, पण लोक सवयीने सगळीकडे टाकतात आणि समानार्थी शब्द गमावतात. शब्दाच्या शेवटी तारा (*) टाकला तर पुढची सगळी रूपं येतात, मात्र आधी किमान चार अक्षरं हवीत आणि तिथेही अनुवाद बंद. २०२२ च्या शेवटी एक छान सोय आली: दोन शब्द एकमेकांपासून जास्तीत जास्त किती शब्दांच्या अंतरावर असावेत हे सांगता येतं. 'नी' आणि 'पेन' मधे दोन-तीन शब्द आले तरी चालतील, असं.

शंकासुर

थोडं कडवट बोलतो, राग मानू नये. सर्वसामान्य माणसाने हे का करावं? चार गोषवारे वाचून डॉक्टरांशी वाद घालणारे नातेवाईक मी पाहिलेत. अर्धवट ज्ञान घातक. उद्या सगळेच आपापले पेपर घेऊन दवाखान्यात जाणार.

पांढरा_कोट

शंकासुर, मी त्या टेबलाच्या पलीकडे बसतो. पेपर घेऊन येणारा पेशंट मला चालतो. मला भीती वाटते ती एकच पेपर घेऊन येणाऱ्याची.

आणि अर्धवट ज्ञानाचं म्हणाल तर आमचीही फजिती झालीय. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडतात, तसे ठोके पडणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त. मग ठोके सुरळीत करणारी औषधं दिली की माणसं वाचतील, हे किती सरळ वाटतं! ठोके खरंच सुरळीत व्हायचे, ईसीजीवर दिसायचं. पुढे 'कास्ट' नावाची चाचणी झाली, १९८९ मध्ये पहिले निकाल आले. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणारे प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, घेणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने दगावत होते. ईसीजी सुधारला, पेशंट गेला. तेव्हापासून कुठलाही पेपर उघडला की मी आधी बघतो, यांनी मोजलंय काय? रक्तातला आकडा, एक्स-रेवरची फट, की पेशंटला जाणवणारी गोष्ट?

सायंतारा, तुमच्या बाबतीत: सांध्यातली फट किती मिलिमीटरने कमी झाली हे एक, आणि आई जिना चढू शकतात का हे दुसरं. शोधताना नको, पण वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

शंकासुर

एकच पेपर घेऊन येणाऱ्याची भीती, हे पटलं. बाकी मत राखून ठेवतो.

सायंतारा

ग्रंथकीटकांच्या दोन कंसांनी घोडा बराच मागे गेला, पण यादी अजून मोठी आहे. डावीकडे गाळण्या दिसतात: ह्यूमन्स, फ्री फुल टेक्स्ट, गेली पाच वर्षं, वय. सगळ्यांवर टिचक्या मारल्या तर चालेल का?

ग्रंथकीटक

थांबा थांबा. इथेच सगळ्यात जास्त लोक पडतात.

'ह्यूमन्स'ची गाळणी मेशच्या चिठ्ठीवर चालते. चिठ्ठी लागली नाही असा पेपर माणसांवरचा असला तरी बाहेर फेकला जातो, आणि चिठ्ठी न लागलेले बरेचसे पेपर अगदी ताजे असतात. वयाच्या गाळणीचं तेच. म्हणजे तुम्ही 'गेली पाच वर्षं' आणि 'ह्यूमन्स' अशा दोन टिचक्या मारून नवं संशोधन मागताय आणि त्यातलंच सगळ्यात नवं घालवताय.

पद्धतशीर आढावे करणारे लोक उलटीकडून जातात. 'माणसं असलेले द्या' असं न म्हणता 'ज्यांच्यावर प्राण्यांची चिठ्ठी आहे आणि माणसांची नाही ते काढा' असं म्हणतात. चिठ्ठी नसलेले यातून आपोआप वाचतात. लिहायचं असं: नॉट (अ‍ॅनिमल्स मेश नॉट ह्यूमन्स मेश). बघायला विचित्र दिसतं, पण तर्क पक्का आहे. शोधाच्या शेवटी चिकटवून टाका, घोडा गेला समजा.

'फ्री फुल टेक्स्ट'ची टिचकी तर मारूच नका. फुकट मिळणारं संशोधन आणि चांगलं संशोधन यांचा संबंध नाही. आधी कामाचे पेपर ठरवा, मग ते कसे मिळवायचे ते बघू. पूर्ण पेपर फुकट ठेवणाऱ्या पबमेड सेंट्रलवर बरंच मिळतं. नाहीच मिळालं तर पेपरवर दिलेल्या लेखकाच्या पत्त्यावर सभ्य ईमेल पाठवावा, बरेच जण आनंदाने प्रत पाठवतात.

ज्या टिचक्या माराव्यात त्या अभ्यासाच्या प्रकाराच्या. 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' आणि 'मेटा-अ‍ॅनालिसिस' आधी. कोणीतरी सगळे शोध घेऊन, निवडून, पाखडून ठेवलंय का, ते आधी बघायचं. तिथे असे आढावे करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा दिसला तर तो पहिल्यांदा उघडा. नसेल तर 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल', म्हणजे कोण कुठल्या गटात जाईल ते यदृच्छेने ठरवलेली तुलनेची चाचणी.

आकडेमोड

+१. आता माझ्या आवडीचा भाग, कारण ग्लुकोसामाइनचा शोध हे शिकण्यासाठी फार सुंदर उदाहरण आहे.

सायंतारा, तुमच्या यादीत २००६ चा 'गेट' नावाच्या चाचणीचा पेपर येईल, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. गुडघ्याची झीज असलेले १,५८३ जण, पाच गट: ग्लुकोसामाइन, काँड्रॉयटिन, दोन्ही एकत्र, सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक, आणि प्लासिबो. २४ आठवडे. दुखणं किमान २० टक्के कमी झालेले लोक किती, हे मोजलं. प्लासिबो गटात ६०.१ टक्के. ग्लुकोसामाइनवर ६४.०. दोन्ही एकत्र ६६.६. सेलेकॉक्सिबवर ७०.१. प्लासिबोपेक्षा संख्याशास्त्रीयदृष्ट्या भक्कम फरक फक्त शेवटच्याचा.

आता त्याच पेपरात एक छोटा उपगट आहे. ज्यांना मध्यम ते तीव्र वेदना होत्या, त्यांच्यात दोन्ही एकत्र घेणारे ७९.२ टक्के, प्लासिबो ५४.३. केवढा मोठा फरक! जाहिरात लिहिणारा हा आकडा उचलतो, टीका लिहिणारा वरचा. दोघंही खोटं बोलत नाहीत आणि दोघंही एकाच पेपरचा क्रमांक देतात. पण चाचणी मुख्य प्रश्नासाठी बेतलेली होती. गट पाडत गेलं की कुठेतरी योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता वाढत जाते. असा आकडा पुढच्या चाचणीसाठी प्रश्न असतो, उत्तर नव्हे. लेखकांनीही ते शोधक स्वरूपाचंच म्हटलंय.

यावर आणखी एक थर. गेटमध्ये ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइड होतं, युरोपातल्या बऱ्याच चाचण्यांत ग्लुकोसामाइन सल्फेट. कॉक्रेनच्या आढाव्यात एका विशिष्ट कंपनीच्या सल्फेटच्या चाचण्या प्लासिबोपेक्षा चांगल्या ठरल्या, बाकीच्यांच्या नाहीत. औषधाचा फरक, की पैसे देणाऱ्याचा? यावर भांडणं झाली. तुम्हाला 'एक म्हणतो उत्तम, एक म्हणतो निरुपयोगी' असं जे दिसलं त्याचं मोठं कारण हे. शोध चुकला नव्हता सगळाच.

बोरूबहाद्दर

प्लासिबोवर ६० टक्के लोकांना बरं वाटलं?? मी उगाच वैद्यकशास्त्राला नावं ठेवत होतो.

आकडेमोड

सगळं श्रेय गोळीला देऊ नका. दुखणं चढउताराचं असतं, आणि माणूस चाचणीत नाव घालतो ते दुखणं चढलेलं असताना. काहीच केलं नाही तरी बऱ्याच जणांचं पुढे उतरतंच. म्हणून तर तुलनेचा गट नसलेला अभ्यास मी बाजूला ठेवतो. 'आम्ही दिलं आणि ६० टक्क्यांना बरं वाटलं' हे वाक्य एकट्याने काहीच सांगत नाही.

पांढरा_कोट

एक राहिलं. पबमेडमध्ये दिसला म्हणजे पेपर चांगला, असं धरू नका. ती सूची आहे, शिफारसपत्र नव्हे. तिथे प्रीप्रिंटही (तज्ज्ञांनी अजून न तपासलेले पेपर) येतात आणि मागे घेतलेले पेपरही राहतात. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लसीला स्वमग्नतेशी जोडणारा लॅन्सेटमधला १९९८ चा पेपर केवळ १२ मुलांवरचा होता, तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा, ९६ हजार रुग्णांचा म्हणवणारा पेपर मे महिन्यात आला आणि जूनच्या सुरुवातीला मागे घेतला गेला, कारण मूळ डेटा कोणालाच तपासता आला नाही. जर्नल मोठं, आकडा मोठा, आत काय ते कोणी पाहिलेलं नाही. नोंद उघडली की वर 'रिट्रॅक्टेड' अशी ठळक पट्टी आहे का बघा. यादीतून नुसता गोषवारा उतरवून फॉरवर्ड करणाऱ्याला ती दिसतच नाही.

कोपऱ्यातला_वाचक

मग जे छापलंच गेलं नाही त्याचं काय? पबमेडमध्ये जे आहे तेच आपल्याला दिसणार.

आकडेमोड

नेमका प्रश्न. नैराश्यावरच्या औषधांचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदवलेल्या ७४ अभ्यासांचा माग काढणारा पेपर २००८ मध्ये आला. नियामकाने अनुकूल मानलेले ३८, त्यातले ३७ छापले गेले. उरलेल्या ३६ पैकी २२ छापलेच गेले नाहीत, ११ अनुकूल वाटतील अशा रीतीने छापले गेले, आणि जसे होते तसे फक्त ३. नुसतं छापील साहित्य वाचणाऱ्याला जवळजवळ सगळीच औषधं यशस्वी दिसणार.

म्हणून क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या नोंदवहीत तेच दोन शब्द टाकून बघा. २००० पासून ती सगळ्यांना खुली आहे. चाचणी संपून बरीच वर्षं झालीत आणि निकालाचा पत्ता नाही, असं दिसलं तर ते टिपून ठेवा. तिथे आणखी एक गंमत बघता येते: सुरुवातीला 'आम्ही हे मोजणार' म्हणून काय लिहिलं होतं आणि पेपरात मुख्य म्हणून काय छापलं. कधीकधी दोन्ही जुळत नाही.

ग्रंथकीटक

गूगल स्कॉलरबद्दल कोणी विचारायच्या आत: वापरा, पण शेवटी. एखादा चांगला पेपर हाती आला की त्याला पुढे कोणी उद्धृत केलं, हे बघायला ते झकास आहे. पण एका शोधाचे हजारापलीकडचे निकाल ते दाखवत नाही. क्रम कसा लावला ते कळत नाही, तोच शोध महिन्याने घेतला तर वेगळंच काही वर येतं. पबमेडही आता मुळात 'बेस्ट मॅच' क्रमाने दाखवतं, हेही लक्षात असू द्या. नवं हवं तर क्रम बदलावा लागतो.

आणि शोध लिहून ठेवा हो! तारीख, डेटाबेस, नेमकी ओळ. तिथे खातं काढलं तर शोध साठवता येतो आणि नवा पेपर आला की ईमेल येतो. माझ्याकडे लोक यायचे, "मागच्या वेळी एक छान पेपर सापडला होता, निळ्या तक्त्याचा." निळ्या तक्त्यावरून मी काय शोधू?

सायंतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसले. दोन कंस, घोडा काढायची ओळ, आणि आढाव्यांची टिचकी. यादी आटोक्यात आली. कॉक्रेनचा आढावा उघडला, मग गेटचा मूळ पेपर, तक्त्यांसकट. पहिल्यांदाच असं झालं की परस्परविरोधी निकाल दिसूनही मी गोंधळले नाही. कोण सल्फेटबद्दल बोलतंय, कोण एक्स-रेबद्दल, कोणाचे पैसे, ते बघत गेले. डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न काढलेत. शंकासुर, वाद घालणार नाही, शब्द देते.

अवांतर: आईला गेटचे आकडे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे काहीच नसलेली गोळी घेऊन शंभरातल्या साठांना बरं वाटलं? मग मला तीच आण. तिचे दुष्परिणाम तरी नसतील."

बोरूबहाद्दर

आईंना साष्टांग नमस्कार. (मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्चीतूनच स्वीकारावा.)

आकडेमोड

दुष्परिणामांचं मात्र तसं नाही. चाचण्यांत प्लासिबोवाल्यांच्याही तक्रारी नोंदवल्या जातात, डोकेदुखीपासून मळमळीपर्यंत. त्यालाही शब्द आहे: नोसिबो. शोधून बघा, आता जमेल तुम्हाला.